बोर्डावर कुणाचं तोंड

माझ्या धंद्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक नवरी नव्हे. नवरीला फक्त गोरं व्हायचं असतं, ते काम कम्प्युटर करून टाकतो. अवघड गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. कंपनीला खरं पाहिजे असतं. पुण्याहून एसी गाडीतून एक साहेब उतरतो, सगळं कसं अस्सल दिसलं पाहिजे म्हणून बजावतो, आणि मग समोर जे जे अस्सल असेल ते दिवसभर एकेक करून फ्रेमबाहेर काढायला लावतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी कामगारांचे फोटो काढले, तर नवीकोरी हेल्मेटं स्टोअरमधून आली आणि शेवटचा फोटो झाल्याबरोबर मोजून परत गेली. एका शाळेला जाहिरातीसाठी हसरी मुलं हवी होती. शाळेतली मुलं हसरी निघाली नाहीत, म्हणून संस्थाचालकांनी आपल्या नात्यातली मागवली.

छावणीतल्या माझ्या दुकानात जवान पासपोर्ट फोटोला येतात. हसू नका म्हटलं की हसत नाहीत, पैसे देतात, सलाम करून जातात. देवानं रोज असलीच गिऱ्हाइकं द्यावीत. पण दुकानाचं भाडं पासपोर्ट फोटोवर निघत नाही, म्हणून कंपन्यांची कामं घ्यावी लागतात.

असंच एका खत कंपनीचं काम आलं. कन्नड रस्त्याला मोठा बोर्ड लावायचा होता, त्यावर आपलं खत वापरणारा खराखुरा शेतकरी पाहिजे होता. कन्नडच्या खताच्या दुकानदारानं पिशोरकडचं एक अद्रकीचं शेत सुचवलं. त्या वर्षी तिकडं कंदकुजीनं बऱ्याच जणांची अद्रक बसली होती, पण ह्या शेतात ती मांडीला लागत होती. शेत एका विधवा बाईचं होतं. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, तेव्हापासून लावणीपासून काढणीपर्यंत सगळं तीच बघायची. दुकानदारानं तिला सांगून ठेवलं होतं की बोर्डावर तुमचाच फोटो लागणार.

कंपनीचे पुण्याहून आलेले साहेब आणि मी पोचलो तेव्हा बांधावर दोन माणसं उभी होती. एक ती, इस्त्रीचं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर. दुसरे तिचे थोरले दीर. हे शहरात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, राहायला सिडकोत, आणि शेतावर येणं वर्षातून पोळ्याला. त्या दिवशी मात्र ते पांढरेशुभ्र कपडे, गुलाबी फेटा, गॉगल आणि तीन अंगठ्या घालून आमच्या आधी हजर होते. साहेब त्यांना बघून खूश झाले. शेतकरी असाच पाहिजे, म्हणाले. फक्त गॉगल काढायला लावला. मी विचारलं की शेत तर ताईंचं आहे ना. साहेब म्हणाले, फॅमिलीच आहे ना सगळी.

मग जे सुरू झालं ते मी इतक्या वर्षांत दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. तिकडं भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. एकमेकांपासून दहा पावलांवर उभे असले तरी मध्ये तिसरं माणूस लागतं. त्या दिवशी ते तिसरं माणूस मी होतो. थोरले माझ्याकडं बघून म्हणायचे, त्यांला सांगा, पाण्याचा कॉक बंद करा, माझे बूट भिजतेत. ती कॉक बंद करायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, त्यांला सांगा, बेडवर चढू नका, सरीतून चाला. थोरले तिचं ऐकून मातीच्या उंच बेडवरून उतरायचे आणि निरोप माझ्याकडून यायची वाट बघत उभे राहायचे. मी तो द्यायचो. लेन्स बदलू की डाकघर चालवू, असं मला झालं होतं.

फेट्याचे फोटो झाले. थोरल्यांना कॅमेऱ्याची हौस दांडगी. हनुवटी वर, छाती पुढं, एक पाय बांधावर. आमदारकीचं तिकीट मिळाल्यासारखे ते क्षितिजाकडं बघायला लागले, आणि मी अद्रकीकडं बघा म्हटलं की चिडायचे. शेवटी साहेबांना मातीनं भरलेला अद्रकीचा ताजा गड्डा दोन्ही हातांत धरलेला क्लोजअप हवा होता. तो काढला, लॅपटॉपवर मोठा करून बघितला आणि साहेबांचं तोंड उतरलं. हात गुबगुबीत, अंगठ्या काढल्या तिथं पांढरे वळ, आणि बोटाला शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग. हे हात शेतकऱ्याचे वाटत नाहीत, असं साहेबांनी जाहीर केलं. मला हसू आवरेना, मी बॅग उघडून त्यात तोंड घातलं.

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर बाईच्या हातांवर गेली. काळे, भेगाळलेले, नखांत माती. ते जवळ गेले, मनगटं नीट बघितली आणि मला म्हणाले, "बांगड्या नाहीत, बरं झालं. पुरुषाचे म्हणून चालून जातील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॅमेरा गळ्यात नसता तर त्या दिवशी माझा एक क्लायंट कमी झाला असता. बांगड्या का नाहीत हे त्या माणसाला कळत नव्हतं अशातला भाग नाही, कळत होतं, फक्त त्याला त्यातली सोय आधी दिसली. थोरले बुटाची माती झाडत राहिले. भावाच्या मरणानं हात मोकळे झाले ते असे कामाला येतायत, याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते फेट्याखालीच राहिलं.

बाईनं आपले हात एकदा स्वतःच बघितले. मग तिनं मला विचारलं, "म्हंजी हात माझे अन् तोंड त्यांचं?"

मी हो म्हणालो. खोटं काय सांगायचं.

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं, थोरल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं होतं. पण व्यापारी काही तलाठ्याकडं जाऊन सातबारा बघत नाही. तो अद्रक बघायला तिच्या शेतात येतो, तिच्या हातचा चहा पितो आणि भाव ठरवायला शहरात थोरल्यांना फोन लावतो. थोरले ऑफिसातल्या खुर्चीवरून हो म्हणून टाकतात, आणि दोन वर्षं तिचा माल पडत्या भावात गेला होता. मागच्या वर्षी तर तिनं नको म्हणून सांगितलं त्याच दिवशी गाडी भरायला माणसं आली. "बोर्डावर माझं तोंड आलं, तर व्यापारी भाव मला इचारतील," ती म्हणाली. "मला फोटोची हौस नाय, भाऊ."

मी हे साहेबांना सांगितलं आणि वर माझ्याकडून थोडं मीठ लावलं, की खरी शेतकरीण सोडून कारकुनाला बोर्डावर चढवलंत तर तालुका हसेल. साहेब घाबरले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. तिथं रेंजची बोंब, म्हणून फोन स्पीकरवर टाकून हात उंच धरला. पुण्याचे मोठे साहेब एकदम उसळले. महिला शेतकरी, भारी कल्पना, आधी का नाही सुचली. फोटो पाठवा म्हणाले. मी मोबाइलवर एक काढला, साहेबांनी बांधावर चढून तो पाठवला. थोड्या वेळानं फोन आला आणि तो स्पीकर तसाच चालू होता. मोठे साहेब म्हणत होते की चेहरा चांगला आहे, पण असं कपाळ बोर्डावर बरं दिसत नाही, लोक सकाळी दुकान उघडताना बघणार. एक टिकली टाका, हातात हिरव्या बांगड्या टाका, कम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटांचं काम हे खरंच होतं. मी नवरीच्या नाकावरचे मस रोज काढतो.

साहेबांनी स्पीकर बंद केला, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. थोरल्यांना मात्र धीर आला. ते पुन्हा सरीत उतरले, फेटा सारखा केला आणि मला म्हणाले, त्यांला सांगा, झालं तेवढं पुरं, घरी जाऊन चहा ठेवा.

बाई जागेवरून हलली नाही. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि ह्या वेळी माझ्याकडं न बघता सरळ त्यांच्याकडं बघितलं.

"भावजी, बाजूला व्हा. फोटो माझा निघनार हाय."

तिच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्या तोंडावर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं, कारण थोरले इतक्या झटकन बाजूला झाले की पाय घसरून बेडवर टेकले. उलटून बोलावं तर निरोप कुणामार्फत पाठवायचा, हेच त्यांना सुचेना. ते माझ्याकडं बघत राहिले. मी लेन्स पुसत होतो.

मग ती साहेबांकडं वळली. "साहेब, खत तुमचं, शेत माझं. कपाळ बी माझंच. हाय तसं निघत असल तर काढा."

साहेबांनी मला खूण केली, काढून टाका, बघू नंतर. मी काढला. मी कुणाला हसा म्हणतो, मान तिरकी करा म्हणतो, तसलं काही म्हणालो नाही. ती अद्रकीत उभी राहिली, हातात गड्डा, नजर सरळ. आयुष्यात काढलेल्या हजारो फोटोंपैकी दहा-बारा मला मनापासून आवडतात. हा त्यातला आहे.

बोर्ड लागला. त्यावर ना थोरले होते ना ती. मुंबईकडची कुणी गोरीपान मॉडेल होती, कपाळावर टिकली, मनगटभर हिरव्या बांगड्या आणि हातात धुऊन पुसून चकचकीत केलेली अद्रक. खाली लिहिलं होतं, आपल्या मातीतली, आपली माणसं. थोरल्यांनी शहरात सांगितलं म्हणे, की आम्हीच नको म्हणालो, घरच्या बाईचा फोटो रस्त्यावर कशाला.

मी विषय सोडून दिला होता. तर डिसेंबरात काढणीच्या तोंडावर ती एसटीनं माझ्या दुकानात आली. पाणी प्याली, बसली आणि म्हणाली की तो माझा फोटो तुमच्याकडं असल तर त्याचा मोठा बोर्ड करून द्या, मी माझ्या बांधावर लावते. कंपनीचा बोर्ड ज्या रस्त्याला, त्याच रस्त्याला तिचं शेत नव्हतं, पण व्यापाऱ्यांच्या गाड्या तिच्याच बांधावरून जायच्या. मी तिला घेऊन शेजारच्या फ्लेक्सवाल्याकडं गेलो. हा माझा जुना दोस्त, छावणीतलाच, अर्ध्या शहराचे वाढदिवस ह्याच्याच मशीनमधून बाहेर पडतात. मधोमध तिचा फोटो घातला, हाय तसा. वर तिचं नाव, खाली तिचा मोबाइल नंबर आणि तिनं सांगितलेलं वाक्य: अद्रकीचा भाव इथं विचारावा.

दोस्तानं सवयीनं विचारलं, "नीचे शुभेच्छुक में कौन डालने का, आपा?" शुभेच्छुकाशिवाय फ्लेक्स छापायची त्याच्या मशीनला सवयच नाही.

मी त्याला गप्प करणार, तेवढ्यात ती विचारात पडली. मग मला म्हणाली, "भावजींचा फेट्यातला फोटो हाय ना तुमच्याकडं? टाका खाली. घरचं मानूस हाय, वाईट दिसाया नको."

तर थोरले खाली कोपऱ्यात गेले, रुपयाएवढ्या गोलात, हनुवटी वर करून. आठवड्याभरात त्यांचा मला फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला. ते म्हणाले, बाकी ठीक आहे, पण माझा फोटो जरा मोठा घेता आला असता.

तिचा फोन त्यानंतर आला. मी आधी हेच विचारलं की व्यापारी आला का. आला होता. फ्लेक्ससमोरच गाडी थांबवली, वर बघितलं, खाली उभ्या असलेल्या हिच्याकडं बघितलं, काच खाली केली आणि हिलाच विचारलं, मालक कुठंयत.

मला इतका संताप आला की फोन कानापासून दूर धरला. मग विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं, भाव पायजे असल तर गाडीतून खाली उतरा, मंग सांगते."

"उतरला?"

"उतरला की," ती म्हणाली. "फोन काढला व्हता त्यानं भावजींला लावायला. तो खिशात ठिवला अन् उतरला."