कॅसेटमधली हलगी

“गरम हाय तवर घ्या!”

शिरोलीच्या फौंड्रीत लोखंडाचा रस साच्यात ओतताना भट्टीवरचे दादा असं ओरडायचे आणि हलगी हातात घेतानाही तेच. तुम्ही जत्रेत पाहिलं असेल, हलगीवाले मधेच कागद पेटवून कातड्याला शेक देतात. शेकलं की हलगी खणखणते, जरा वेळानं उतरते. दादांच्या खिशात त्यासाठी कायम जुनं वर्तमानपत्र असायचं. वाचता येत नव्हतं. “बातमी जळाली की हलगी बोलती,” म्हणायचे.

मी त्याच फौंड्रीत स्टोअरचा कारकून. गिटार वाजवायचो, बेताचीच. जेवणाच्या सुट्टीत मी, लेथवरचा एक ढोलवाला आणि स्वतः गाणी रचून गाणारा एक फिटर शेडमागं बसायचो. एक दिवस दादा आले आणि न विचारता आमच्या गाण्यात घुसले. गाणं पळायलाच लागलं.

“सायेब, तुमची गिटार लाजती व्हय?” मला म्हणाले.

असल्या वाजवण्याला मुंबईकडं रॉक म्हणतात, असं फिटर सांगायचा. “म्हनू द्यात की. आमी वाजवतोय,” दादा म्हणायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायला लागलो. तीन वर्षं एकमेकांच्या डब्यात जेवलो.

मग ठरलं, आपल्या सहा गाण्यांची कॅसेट काढायची, कुठल्या कंपनीच्या पाया न पडता. शहरातला एक लहानसा स्टुडिओ दोन दिवस मिळाला. आत गारवा आणि गालिचे. रेकॉर्डिस्टनं बजावलं, आत काडीसुद्धा ओढायची नाही. मग दादा खाली अंगणात कागद पेटवायचे, हलगी शेकायचे आणि ती छातीशी धरून पन्नाशीचा तो माणूस जिना पळत चढायचा. “गरम हाय तवर घ्या!” एकेका गाण्याला चार-चार वेळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या बोटांना फोड आले होते आणि चेहऱ्यावर असं हसू होतं, की मला हेवा वाटला.

मिक्सिंगला मी एकटाच गेलो. बाकीचे पाळीवर होते. कॅसेट दुकानांत पोचवणारा व्यापारी तिथं येऊन बसला होता.

“छान आहे हो,” तो म्हणाला, “पण ही हलगी कमी करा. मयतीपुढं वाजते ही. घरात लावली तर शेजारी विचारतील, कोण गेलं?”

रेकॉर्डिस्ट हसला. मीही हसलो. हलगीबरोबर हलगीवाल्याची गावकुसाबाहेरची वस्तीही त्या वाक्यात होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी मान डोलावली. दादांचा माइक वेगळा होता, त्यामुळं काम सोपं गेलं. “अजून जरा, अजून जरा,” व्यापारी म्हणत राहिला आणि रेकॉर्डिस्ट बटण खाली ओढत राहिला. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं. त्या व्यापाऱ्यावर नंतर, आधी त्या माझ्या हसण्यावर.

तालमीच्या चौकात नारळ फोडून कर्ण्यावर कॅसेट लावली. दादा धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या पुढं उभे होते. एक गाणं संपलं, दुसरं संपलं. मग ते माझ्याकडं आले.

“माझी हलगी कुठाय?”

“जरा मागं घेतलीय, दादा.”

“मागं कुठं? दावा की मला.”

“लोक घरात लावणार, म्हणून व्यापारी म्हणाला...”

“जिना चढून चढून मी मेलो, आन् तुमी मला घराभाईर ठेवलासा?”

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी हात झटकला. “सरका, पावणं.”

पावणं! परक्याला म्हणावं तसं, मला!

त्यांनी भर चौकात कागद पेटवला, हलगी शेकली आणि कर्ण्याच्या तोंडासमोर उभं राहून वाजवायला लागले. असं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही. नुसता राग वाजत होता. लोकांनी कर्ण्याकडं पाठ केली. फिटरनं जाऊन कॅसेट बंद केली आणि तो त्या हलगीवर गायला लागला. ढोलवालाही सरसावला. माझ्या गळ्यात गिटार होती. तारेला हात लावायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. दोन वर्षांत भट्टीच्या धुळीनं छाती भरली, मालकानं घरी बसवलं आणि ते आजऱ्याकडं आपल्या गावी गेले.

ते वारल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. त्यांची बायको काजूच्या कारखान्यात कामाला जायची. चिकानं तिची बोटं काळी पडली होती. कॅसेटचं भांडण दादांनी घरी सांगितलेलंच नव्हतं.

“त्यांचं वाजिवल्यालं तुमच्याकडं हाय म्हनं?” तिनं विचारलं. “नातीला ऐकवायचं हुतं.”

मी पिशवीतून कॅसेट काढून दिली. तिनं शेजारून टेप मागून आणला. एक बाजू ऐकली, उलटून दुसरी ऐकली, शेवटी तर कान टेपला लावून.

“ह्यात ते कुठं हायत?”

“नाहीत, वहिनी. मीच काढलं त्यांना.”

तिनं कॅसेट बाहेर काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

“मग आनलासा कशाला?”