जुळ्यांपैकी एकाचीच निवड

सख्यांनो, आपल्या मंडळात एकीकडून दुसरीकडे लिहीत जायचं फिरतं पान आज माझ्याकडे आलंय. सकाळपासून जे घडलं तेच लिहिते.

माझे जुळे, माधव आणि केशव, दोघंही सरकारी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसले होते. काल निकाल लागला. माधवची निवड झाली, तो आता खंडव्याच्या हायस्कुलात जाईल. धाकटा केशव थोडक्यात हुकला.

सकाळी नदीच्या राजघाटावर धुणं घेऊन गेले, तर सगळ्या आयांचा तोच विषय. लोधीपुऱ्यातल्या एका काकूंनी विचारलं, "तुझ्या दोघांले किती किती मार्क भेटले?"

मी सांगितले.

"एकाच मास्तरकडं शिकले, मग धाकट्याले काय झालं?" त्या म्हणाल्या. बाकीच्या आपापल्या मुलांचे मार्क केशवच्या मार्कांशी ताडून पाहू लागल्या. कुणाकुणाला बरंही वाटलं असावं. मी लुगडं पिळत राहिले. केशव माझ्या मागेच पायरीवर उभा होता.

दुपारी जेवताना यांनी माधवला शेजारी बसवून घेतलं. केशवला म्हणाले, "तू उद्यापासून आपल्या दुकानात बस."

"हो," म्हणून तो जेवत राहिला.

मी भांडी घासायला बसले तेव्हा जवळ आला. "आई, पुन्हा कोणी विचारलं तर सांग, मी परीक्षेले बसलोच नव्हतो."

मी "बरं" म्हटलं. रडू आलं नाही, यांचा रागही आला नाही. हात नुसते चालत राहिले.

तेव्हापासून तो ओसरीवर बसलाय. सख्यांनो, तुम्ही असता तर त्याला काय म्हटलं असतं?