मेंदूच्या घड्या

माझ्या थोरल्या साडूंएवढी काळजी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याचीही काळजी आमचे साडूच करत असतील. आम्ही अकोल्याहून अमरावतीला निघालो की मूर्तिजापूर आलं का, बडनेरा आलं का, असे त्यांचे फोन सुरू होतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यातही मेंदू हा जीव की प्राण. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याचं उपरणं मागून घेत आणि पाण्याच्या तांब्यात कोंबून दाखवत. "पाहा साडभाऊ, मेंदूची वरची साल पसरली तर एवढी मोठी. कवटीत मावत नाई, म्हणून घड्या. उंदराले घड्याच नाईत, त्याचा मेंदू लसणाच्या पाकळीवानी गुळगुळीत." उपरण्याचा मालक बिचारा ओलं उपरणं पिळत दुसऱ्या पंगतीला जाऊन बसे.

मग त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्या महिन्यातच तिला मुलगी झाली. सगळे वजनाच्या काळजीत, साडू मात्र घड्यांच्या. दवाखान्यातल्या काचेबाहेर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बहुतेक घड्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पडतात. हे पोरगी त्याच्या आधीच निंगून आली. आता बाहेर पडतीन का, साडभाऊ?" डॉक्टर म्हणाले, बाहेरही पडतात, वाट पाहा. नेमकं तेच साडूंना जन्मात जमलेलं नव्हतं.

मुलगी घरी आली आणि कुकरची शिट्टी बंद झाली, वरण उघड्या पातेल्यात शिजू लागलं. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणायची, असा पाहुण्यांनाही हुकूम. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी टाळू भरायला हातावर तेल घेतलं, तर हे मध्ये आडवे. "तिथं अजून हाड नाई! खाली काम चालू हाये!" माझ्या मेव्हणीबाई कडाडल्या, "अजी, तुमची टाळू तुमच्या मायनं भरलीच नसन का? मंग काहून बोंबलून राहिले?" शेवटी तह झाला, टाळू साडूच भरणार. रोज सकाळी कापसाचा बोळा कोमट तेलात बुडवून, ओठ घट्ट मिटून ते मऊ टाळूवर हळूच टेकवत. तिथली धडधड बोटाला लागली की त्यांना जरा बरं वाटे.

शेजारचं तिच्याच वयाचं बाळ रांगू लागलं. ही नुसती टुकूटुकू पाही. साडूंचं जेवण सुटलं. फोनवर मला सांगत, "वासरू तासाभरात उभं राहते. माकडाचं पिल्लू मायले चिकटून राहते. माणसाचा मेंदू सावकाश पिकते, थेच तर त्याचं भांडवल हाये." आणि लगेच विचारत, "पण किती सावकाश, साडभाऊ?" फोन ठेवल्यावर माझाही घास उतरत नसे.

थंडीत आम्ही गेलो तेव्हा ती त्यांच्या मांडीवर होती. तेलाची वाटी कलंडली. पुसायला फडकं घ्यावं म्हणून साडू वाकले, तोच पोरीनं सांडलेल्या तेलात हात बुडवला आणि त्यांच्या टकलावर, बरोबर मधोमध ठेवला. ओठ घट्ट मिटून, हलक्या हातानं ती थापटू लागली. साडू वाकलेले तसेच राहिले. तेल कपाळावरून नाकावर आलं तरी हलले नाहीत.

"पडल्या," ते म्हणाले. "घड्या पडल्या, साडभाऊ." आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मीही रडलो, त्यात लाजायचं काय!

आता ती घरभर धावते आणि आजोबांना दटावते. टाळू केव्हाच भरून आली. सकाळी साडू सवयीनं वाटी घेऊन बसतात, ती पळून जाते. परवा त्यांनी कापूस तेलात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. "आता वरून काईच समजत नाई," म्हणाले. "दार लागलं, साडभाऊ. आत काय चालू हाये, थे आता तिनं सांगितलं तरच समजन."

तिनं आतून हाक मारली, तशी वाटी तिथेच टाकून ते धावले.