कोऱ्या कागदावरचा काना

ती घटना माझ्या स्मरणातून गेलेली नाही. तीत शस्त्र नव्हते, पाठलाग नव्हता. तरीही एक निरपराध बाई अटकेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. संबंधितांची नावे देत नाही.

निवृत्तीपूर्वी सोलापूरलगत पुणे रस्त्यावरील एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. हद्दीतील एका गावात एक वृद्ध बाई घराच्या जिन्यावरून कोसळल्या. त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात हलवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सोलापुरातच भवानी पेठेत राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा ठाण्यात फोन आला.

"साहेब, माझी आई आपसुक पडली न्हाई. वहिनीनं ढकललंय तिला. तुमी चौकशी करा, न्हाईतर मी वरच्या साहेबांकडं जाते."

दवाखान्यातील पोलीस चौकीच्या हवालदारांनी बाई शुद्धीवर असतानाच जबाब नोंदवला होता. नंतर त्यांची शुद्ध हरपली. जबाबाची स्कॅन केलेली प्रत ईमेलने आमच्याकडे आली. मूळ कागद टपालाने यायचा होता. प्रत अंधूक होती, पण एक वाक्य वाचता येत होते : 'सून मागे असताना जिन्यावरून पाडले.'

जबाब बरोबर आहे ना, असे मी हवालदारांना फोनवर विचारले.

"व्हय साहेब. वाचून दाखवलाय, अंगठा घेतलाय. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

तक्रार आणि जबाब जुळत होते. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करण्याइतके ते पुरेसे होते. सुनेला ठाण्यात बोलावले आणि महिला अंमलदारासमक्ष विचारपूस सुरू केली.

"सासूबाईंशी भांडण झालं होतं?"

"झालं होतं की. चहात साखर कमी पडली म्हणून. रोजचंच हाय ते."

"मग?"

"मग त्या वाळवण काढायला माडीवर गेल्या. मी मागनं पाटी घेऊन उतरत होते. त्यांचा पाय सटकला. पडल्या, साहेब."

"त्यांनी जबाबात वेगळं सांगितलं आहे."

ती म्हणाली, "त्या खोटं बोलायच्या न्हाईत. तोंडानं लई कडू हायेत, पण खोटं न्हाई."

संशयित माणूस सहसा साक्षीदाराला खोटा ठरवतो. ही बाई स्वतःविरुद्धच्या साक्षीदाराची ग्वाही देत होती. दोघीही खऱ्या असतील, तर संशय घ्यायला उरत होता तो केवळ कागद.

प्रतीच्या अंधूकपणाचा दोष मी प्रथम आमच्या प्रिंटरला दिला. परंतु त्यावर छापलेला दुसरा कागद स्वच्छ आला. ईमेल पडद्यावर मोठी करून पाहिली, तरी अक्षरे तशीच. म्हणजे दोष आमच्याकडे येण्यापूर्वीचा होता. त्याच चौकीतून आलेली, मोटारसायकलवरून घसरलेल्या एका इसमाच्या जबाबाची प्रत काढली. त्यात 'कमरेला'ऐवजी 'कामरेला मुका मार' असे होते. आधी ते वाचून हवालदारांच्या शुद्धलेखनाबद्दल माझे मत प्रतिकूल झाले होते. आता दोन्ही प्रती एकावर एक ठेवून उजेडासमोर धरल्या. 'पाडले'मधला काना आणि 'कामरेला'मधला काना नेमके एकाच जागी होते.

मी पुन्हा फोन केला. "एक कोरा कागद स्कॅन करून पाठवा."

"कोरा? त्यात काय वाचणार तुमी, साहेब?"

"पाठवा तर."

कागद आला. सबंध पान रिकामे होते आणि त्यावर एक काना एकटाच उभा होता.

"आता झाकण उघडून काच पाहा," मी म्हणालो.

पलीकडे थोडी खुडबुड झाली. "साहेब, सूत हाय की! चादरीच्या दशीचं. डिंकानं चिकटलंय. काचंवर बी डिंकाची बोटं उठल्यात."

धूळ बसू नये म्हणून यंत्रावर चादर घालण्याची रीत आमच्या सोलापुरात घरोघर आणि कार्यालयांतही आहे. त्या चादरीचाच मरून रंगाचा धागा काचेवर पडला होता आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तो शाईसारखा उमटत होता. हवालदारांनी ओलसर फडक्याने काच पुसली, कोरडी केली आणि जबाब पुन्हा स्कॅन केला, या वेळी रंगीत. अक्षरे स्वच्छ आली : 'सून मागे असताना जिन्यावरून पडले.' टपालाने आलेल्या मूळ कागदावरही तेच होते.

मुलीला मी एवढेच विचारले, "ढकलताना तुम्ही पाहिलं होतं का?"

"न्हाई. पण दोघींचं पटत नव्हतं की."

दोन गोष्टी परस्परांशी जुळल्या की तपास पूर्ण झाल्यासारखा वाटतो. येथे एक गोष्ट रागातून आली होती व दुसरी धाग्यातून, आणि तरीही त्या जुळल्या होत्या. तेव्हापासून जुळणारा पुरावा हाती आला की प्रत्येक तुकडा वेगळा करून तपासण्याची सवय मी लावून घेतली.

सुनेला तो कोरा कागद दाखवला व सर्व समजावून सांगितले. तिने कान्यावर बोट टेकवले, क्षणभर पाहिले आणि कागद परत केला.

"मग मी जाऊ का दवाखान्यात? शुद्धीवर आल्या की पयला चहा मागतील. साखर जास्त लागते त्यांना."