मागावर ऐकलेली ओरड

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. बाप कामठीत पॉवरलूम चालवायचा. सत्तरच्या दशकात वकिलीची सनद घेऊन मी नागपुरात एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागलो.

खुनाचं एक अपील आलं. आरोपीला जन्मठेप झालेली. सगळी केस एका साक्षीदारावर उभी होती, आणि तो होता पॉवरलूमवरचा विणकर. "मी मागावर होतो. ओरड ऐकू आली म्हणून बाहेर धावलो, तर आरोपी चाकू घेऊन उभा." उलटतपासणीत तो तसूभर हलला नव्हता.

"असा साक्षीदार फुटत नसतो," साहेब म्हणाले.

मी जबानी पुन्हा वाचली आणि तिथंच अडलो. चालू मागांच्या शेडमध्ये बाहेरची ओरड? आमच्याकडे शेजारच्याला बोलवायचं तर हात हलवतात. पाणी हवं तर अंगठा ओठाला. रविवारी घरी गेलो आणि बापाला विचारलं, अर्थात ओरडून. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान केव्हाच गेले होते.

"अबे, तू पैदा झाल्याचं बी मले हातानंच सांगतलं होतं," बाप हसला. "ओरड ऐकू आली म्हंते? लबाड हाय तो."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "माग चालू होते की बंद, हे खालच्या कोर्टातल्या वकिलानं विचारलंय?"

नव्हतं विचारलं. तो वकील कधी शेडमध्ये गेलाच नसावा. तरी साहेबांनी मुद्दा जोर लावून मांडला. साक्षीदाराला पुन्हा बोलवा, असा अर्जही केला. "मागांच्या आवाजाचं पुराव्यात कुठं आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं. कुठंच नव्हतं. अर्ज नामंजूर, शिक्षा कायम.

आरोपीची बायको व्हरांड्यात बसली होती. तीही लूमवरच सुताच्या कांड्या भरायची, हे मला नंतर कळलं.

"सुटले का जी?"

"नाही."

"मागावर ऐकू येत नाही, हे सांगतलं नाही काय त्याईले?"

"सांगितलं. पण ते खालच्या कोर्टात विचारायला पाहिजे होतं."

"मंग काहून नाही इचारलं? मले तं माहीत होतं ना जी. मले कोणी इचारलंच नाही."

अपील लागल्यापासून ती दर तारखेला तिथं येऊन बसायची. मीही तिला वकीलपत्रापुरतं नाव-गाव सोडून काही विचारलं नव्हतं.