तोतया फौजदार आणि नागरिकत्वाची मुलाखत

शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातल्या नाटकात मी चोर होतो आणि मंगळवारी माझी अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत होती. मुलाखत महत्त्वाची होती. नागपूरला आई एकटी राहते, आणि मी नागरिक झालो तरच तिला इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावी, कायमचं आणायचा अर्ज करता येणार होता.

नाटक आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनीच लिहिलं होतं. वयामुळे आणि इथे काढलेल्या वर्षांमुळे सगळे त्यांना काका म्हणतात. एक चोर पोलिसाची वर्दी चढवतो, फौजदार म्हणून गावात मिरवतो, मग गुंडांशी मारामारी, आणि शेवटी खरा पोलीसच त्याला सलाम ठोकतो. वाचन झाल्यावर मी विचारलं, काका, हे आपण निदान चार सिनेमांत पाहिलेलं नाही का?

"चार? मी सहा वापरलेत," काका म्हणाले. ते अजिबात दुखावले नव्हते. "लोक आठवडाभर दमलेले असतात. पुढे काय होणार ते माहीत असलेलं त्यांना बरं वाटतं."

पत्रिकेत काकांच्या नावापुढे लेखन, दिग्दर्शन, संकल्पना आणि मार्गदर्शन असं छापलं होतं. मार्गदर्शन कुणाला, ते छापलं नव्हतं.

वर्दी कुणाच्या तरी सासूबाईंच्या बॅगेतून पुण्याहून आली. शेजारी लोणच्याची बरणी असावी, कारण फौजदाराला हिंगाचा वास येत होता. कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात दुपारी होता. कपडे बदलायला एकच खोली होती आणि ती लावणीवाल्यांना दिलेली, म्हणून पुरुषांनी घरूनच तयार होऊन यायचं ठरलं. बायको आणि मुलगी सजावटीसाठी सकाळीच गेल्या होत्या. मी खांद्यावरचे तारे नीट करून एकटाच निघालो.

मारामारीचे संवाद म्हणता म्हणता ॲक्सिलरेटरवरचा पाय जड झाला असावा. मागे पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरलो.

इथे उतरायचं नसतं, हे मला चौदा वर्षं माहीत आहे. हात स्टिअरिंगवर ठेवून गप्प बसायचं असतं. पण अंगात खाकी असली की माणूस सरळ नागपूरला पोचतो. तिथे पोलिसाने थांबवलं तर कागद घेऊन त्याच्यापर्यंत चालत जायचं. गाडीत बसून राहणं म्हणजे माज. मी दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात भोंग्यातून हुकूम आला की परत गाडीत बसा. मी बसलो. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्हाला कधी अटक झाली होती का, असा एक प्रश्न आहे. तो शब्दन् शब्द आठवला.

पोलीस तरुण आणि सभ्य होता. त्याने तारे पाहिले, शिट्टीची दोरी पाहिली, शेजारच्या सीटवरची टोपी पाहिली.

"सर, तुम्ही पोलीस आहात?"

"नाही. नाटकाला चाललोय."

"म्हणजे नाटकात पोलीस आहात."

"नाटकातही नाही," मी म्हणालो. "नाटकात मी चोर आहे."

तो माझं लायसन्स घेऊन आपल्या गाडीत बराच वेळ बसला. माझा फोन वाजत होता. मी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. शेवटी त्याने वेगमर्यादा मोडल्याचं दंडाचं तिकीट दिलं आणि वर एखादं जॅकेट घाला असं सुचवलं.

सभागृहात बायकोने ऐकून कपाळाला हात लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर सो डेड." काकांना मात्र आनंद झाला, आता तुझी एन्ट्री खरी वाटेल, म्हणाले. गुंडाचं काम करणाऱ्या मित्राचा सल्ला होता की यार, स्पीडिंगचं मुलाखतीत काढूच नकोस. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मिशी चिकटवायला निघून गेला.

मंगळवारी मुलाखत घ्यायला समोर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी उजवा हात वर करायला लावून खरं बोलण्याची शपथ दिली. गुन्ह्यांच्या प्रश्नापाशी आल्यावर मी तिकीट पुढे केलं आणि गणवेशाचंही सांगून टाकलं. मग नाटकाची गोष्ट सांगावी लागली. खरा पोलीस सलाम ठोकतो तिथे त्यांनी टायपिंग थांबवलं.

"नाटक चांगलं होतं?"

मी काकांचा विचार केला, आणि मग आईचा.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "पण लोक खूप हसले."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. माझ्या दोन वाक्यांपेक्षा ते बरंच लांब होतं. मग एक कागद माझ्याकडे सरकवला. मी पास झालो होतो. आता फक्त नागरिकत्वाचा शपथविधी राहिला होता.

पार्किंगमधूनच आईला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोलिसाचं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बरं, तू अर्ज कर. यायचं की नाही, ते मी बघीन."