कँटनचा चहा, उल्हासनगरमार्गे

मागच्या रविवारी बाबांचं जहाज बदलापूर गावाजवळच्या नदीत सगळ्या नातेवाइकांसमोर कलंडलं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून चीनच्या कँटन बंदरात जाणाऱ्या शिडाच्या जहाजाची ही दोन हात लांब प्रतिकृती. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यात गेलेली. घरी आल्यावर बाबांनी पटाशी, कानस अशी सुतारकामाची सगळी हत्यारं माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "झालं माझं." आठवडाभर त्यांनी जहाजाकडे पाहिलंही नाही आणि मला ते सोसवेना. म्हणून या रविवारी जहाजात भरलेला आणि बुडालेला माल, म्हणजे चहा आणि खेळण्यातले कप, नव्याने घ्यायचं निमित्त काढून त्यांना अंबरनाथहून बाहेर काढलं.

पहिला मुक्काम उल्हासनगर कॅम्प दोन. जहाज सोबत असेल तर शेअर रिक्षाच्या नादी लागू नका, स्पेशल करा. आणि आधी दाल पकवान खा, मग बाजारात शिरा.

भांड्यांच्या दुकानातल्या सिंधी काकांनी रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा पापड-पाणी पुढे केलं. तेवढ्यानं बाबांची कळी खुलली. फ्रेंच लोक चांदी घेऊन जायचे, वाऱ्याची वाट बघत महिनोन्महिने थांबायचे, चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी भरून परतायचे, हे सगळं त्यांनी काकांना ऐकवलं. मी ते निदान चाळीसदा ऐकलंय. काका मात्र मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी खेळण्यातले चिनी मातीचे कप खोक्याच्या तळाशी रचले आणि आम्ही आधीच बाजारातून घेतलेल्या चहाच्या पुड्या वर ठेवल्या.

बाबांनी लगेच टोकलं, भांडी वर ठेवा, फुटतील.

"वजन नीचे रखो अंकल, डब्बा पलटेगा नहीं. और पानी लगा तो कप का क्या बिगडेगा? चाय का बिगडेगा."

बाबा पापड हातात धरून थांबले. घर बदलताना आपण सगळेच काचसामान सर्वांत वर ठेवतो. जहाजही त्यांनी तसंच भरलं होतं. चहा तळाला, कप वर.

"फ्रेंच भांडी तळालाच ठेवायचे, वाचलं होतं गं मी," ते मला म्हणाले. "पण हात धजला नाही."

तिथून थेट बदलापूर. रस्त्यावर खोदकाम चालू आहे, अर्धा तास जास्तीचा धरा. नदीवर धुणं धुणाऱ्या मावशींनी मागचा प्रकार पाहिला होता. परत बुडवायला आणलं का, असं त्यांनी हसत विचारलंच. बाबांनी काठावर बसून एकेक कप तळाला लावला, वर चहा भरला आणि दोरी माझ्या हातात देऊन जहाज सोडलं. ते डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं आणि सरळ उभं राहिलं. मावशींनी हातातलं धुणं ठेवून टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

घरी येऊन जहाज रिकामं केलं. कप ओले होते, चहा कोरडा. त्याचाच चहा केला. अर्धा कप संपवून बाबांनी स्टूल मागितलं आणि माळ्यावरून पटाशी खाली काढली.